भार कोण घेतंय?

तर मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मधले दोन महिने सगळे शनिवार-रविवार गराजमध्ये गेले. त्या काळात पुण्याहून जे जे फोन आले त्यात प्रश्न एकच, "चालती गाडी उघडून का ठेवलीय?" आईने विचारला, ताईने विचारला, भाऊजींनी तर "पैसे जास्त झालेत का रे?" असं थेटच विचारलं. (झाले नव्हते. आता तर मुळीच नाहीत.) प्रत्येकाला फोनवर समजावत बसण्यापेक्षा इथे एकदाच लिहून टाकतो. गाड्यांमध्ये रस नसलेल्यांनी लगेच पळून जाऊ नका, जमेल तितकं सोपं करून सांगतो. शिवाय यात आमचे मामा आहेत, त्यामुळे कंटाळा यायचं कारण नाही. :)

गाडी म्हणजे 2003 सालची फोर्ड मस्टँग जीटी. 4.6 लिटरचं व्ही-8 इंजिन, 260 अश्वशक्ती. इथेच मिशिगनमध्ये, डिअरबॉर्नच्या कारखान्यात तयार झालेली. 2004 मध्ये तिथलं मस्टँगचं उत्पादन थांबलं आणि पुढची पिढी फ्लॅट रॉकला गेली. मी घेतली तेव्हा ती सेकंडहँड होती आणि आधीच्या मालकाने आखूड स्प्रिंगा टाकून तिला दीड इंच खाली आणलं होतं. दिसायला झकास! पण हायवेच्या गोल रँपवर शिरलं की नाक बाहेर पळायला बघायचं, आणि वळणात असताना एखादा खड्डा लागला की स्टिअरिंग हाताला हिसका द्यायचं. मिशिगनमध्ये खड्ड्यांना तोटा नाही. हिवाळ्यात भेगांमध्ये पाणी मुरतं, गोठून फुगतं, पुन्हा वितळतं आणि मार्चपर्यंत रस्त्याची चाळण होते.

मी इतकी वर्षं ते सवयीने सांभाळून घेत होतो. कुठल्या रँपवर कुठे पकड घट्ट करायची ते हातांना पाठ झालं होतं. या वर्षी चिरंजीवांना सतरावं लागलं, लायसन्स हातात आलं आणि पहिल्याच आठवड्यात विचारणा झाली, "बाबा, मस्टँग कधी?" गाडी त्याला देता आली असती, माझ्या हातांची सवय कशी देणार? म्हणून ठरलं, की जे मी सांभाळून घेतोय ते मुळातून बघायचं.

आता थोडी शाळा.

पुढच्या चाकाला मुख्यतः दोन गोष्टी जागेवर धरतात. खाली एक आडवा दांडा, त्याला लोअर कंट्रोल आर्म म्हणतात, आणि वर जाणारा उभा स्ट्रट, ज्याच्या पोटात शॉकॲब्सॉर्बर असतो. स्ट्रटचं वरचं टोक बॉनेटखाली पत्र्याच्या एका उंच घुमटात बसतं, त्याला टॉवर म्हणतात. ही रचना अर्ल मॅकफर्सन या इंजिनिअरच्या नावाने ओळखली जाते. 1950 च्या सुमारास ब्रिटनमधल्या फोर्ड कॉन्सल आणि झेफिर या गाड्यांवर ती आली आणि पुढे जगभर पसरली. तुमच्या-आमच्या मारुती 800 लाही पुढे हेच होतं.

मारुतीत स्प्रिंग स्ट्रटभोवतीच असायची. माझ्या मस्टँगमध्ये मात्र स्प्रिंग वेगळी बसते. तिचं खालचं टोक कंट्रोल आर्मवर आणि वरचं टोक इंजिनाखालून आडव्या जाणाऱ्या एका दणकट पोलादी भागात. हा भाग म्हणजे के-मेंबर. इतर गाड्यांत ज्याला पुढची सबफ्रेम म्हणतात तोच. आकार साधारण इंग्रजी के अक्षरासारखा, म्हणून हे नाव. इंजिन याच्यावर टेकतं, स्टिअरिंगची रॅक याच्यावर असते, कंट्रोल आर्मच्या बिजागऱ्या याच्यावर, आणि स्प्रिंगचं वरचं घरही याच्यातच. थोडक्यात, घरातली थोरली सून. सगळं तिच्यावर, आणि दिसत मात्र कुणालाच नाही.

गंमत म्हणजे ही मांडणी मुळात मस्टँगसाठी झालेली नाही. ती 1978 च्या फोर्ड फेअरमाँट या साध्यासुध्या कुटुंबाच्या गाडीपासून चालत आलीय. 1979 मध्ये मस्टँग त्याच पायावर उभी राहिली आणि डागडुजी, सुधारणा होत होत 2004 पर्यंत तिथेच राहिली. आधीच उसना पाया, त्यात आधीच्या मालकाने गाडी खाली आणलेली.

गाडी खाली आणली की होतं काय? चाक जमिनीवरच राहतं, पण गाडीचं अंग खाली येतं. कंट्रोल आर्मचं आतलं टोक अंगाबरोबर खाली जातं आणि बाहेरचं टोक चाकापाशी होतं तिथेच राहतं. जो आर्म आडवा असायला हवा तो चाकाकडे चढता होतो. त्यातून तीन दुखणी सुरू होतात. पहिलं, वळणात गाडी ज्या बिंदूभोवती कलंडते तो बिंदू गाडीपेक्षाही जास्त खाली घसरतो. म्हणजे खाली आणलेली गाडी उलट कलंडायला जास्त तयार असते. कडक स्प्रिंगांमुळे ते झाकलं जातं इतकंच. दुसरं, चढता आर्म आणखी दबला की चाकाचा खालचा भाग आत ओढतो, टायर बाहेरच्या कडेवर उभा राहतो आणि पकड कमी होते. तिसरं, स्टिअरिंगचा दांडा आणि कंट्रोल आर्म यांच्या फिरण्याचा मेळ बिघडला की खड्ड्यात चाक आपोआप थोडंसं वळतं. तोच तो हिसका.

यावर उपाय म्हणून बाजारात मस्टँगसाठी नळ्या जोडून केलेले के-मेंबर मिळतात. चांगल्या के-मेंबरमध्ये आर्मच्या बिजागऱ्या वर उचललेल्या असतात आणि त्यांच्याबरोबर स्टिअरिंगची रॅकही, म्हणजे खाली आणलेल्या गाडीतही दोन्ही दांडे पुन्हा आपापल्या कोनात येतात. शिवाय काहींमध्ये बिजागऱ्या पाऊण इंच पुढे घेतलेल्या असतात. चाकाचा खालचा सांधा पुढे गेला की ज्या तिरक्या रेषेभोवती चाक वळतं ती मागे जास्त कलते. याला कॅस्टर म्हणतात. सायकलचा पुढचा चिमटा तिरका का असतो ते आठवा. कॅस्टर वाढला की गाडी सरळ धावायला स्थिर होते आणि वळणानंतर स्टिअरिंग स्वतःहून मधे येतं.

इथवर माझं आणि चिरंजीवांचं एकमत होतं. मतभेद झाला तो पुढे.

त्याला हवी होती कॉइलओव्हर. म्हणजे स्प्रिंग के-मेंबरमधून काढायची आणि मारुतीसारखी स्ट्रटवर चढवायची. असं केलं की के-मेंबरला स्प्रिंगचं घर ठेवायचीच गरज उरत नाही, तो अगदी सडपातळ होतो, स्वस्तही पडतो आणि गाडीचं नाक हलकं होतं. पोराने गेल्या उन्हाळ्यात किराणा दुकानात काम करून पैसे साठवले होते आणि त्यातले अर्धे तो घालायला तयार होता. त्यामुळे नुसतं "नाही" म्हणायची सोय नव्हती. त्याने एक के-मेंबर हेरलाही होता, पण तो ड्रॅग रेसवाल्यांसाठीचा होता. तो मी बाजूला काढला. ड्रॅगची गाडी पाव मैल सरळ धावते. तिला वळणात आतल्या बाजूला दाबणारा आर्म सोसावा लागत नाही आणि मार्चमधला मिशिगनचा रस्ता तर नाहीच नाही. तेवढं त्याला पटलं. पण रस्त्यासाठी केलेल्या दणकट के-मेंबरबरोबरही कॉइलओव्हर लावता येते, मग ती का नको? याला माझ्याकडे नीट उत्तर नव्हतं.

रविवारी सकाळी मामांचा व्हिडिओ कॉल असतो. आमचे मामा दापोडीच्या एसटी वर्कशॉपमधून निवृत्त झाले. बसच्या पोटाखाली त्यांचं आयुष्य गेलं. पोराने फोन गराजमध्ये नेला आणि कॉइलओव्हरचं गणित त्यांना समजावायला घेतलं. आमच्याकडे मराठी वाक्याच्या मधे इंग्रजी येतंच, पण पठ्ठ्याने फूटपट्टी घेऊन छान सांगितलं. "आजोबा, ही पट्टी म्हणजे आर्म. स्प्रिंग समजा बरोब्बर मधे आहे. चाक एक इंच वर गेलं की स्प्रिंग अर्धाच इंच दबते. आणि तिचा जोर चाकापर्यंत पोचतो तोही अर्धाच. म्हणजे अर्ध्याचं अर्धं. इंचाला 600 पौंडांची स्प्रिंग चाकाला 150 चीच वाटते. तीच स्ट्रटवर नेली तर चाकाबरोबर जवळजवळ तेवढीच दबते. मग 200 पौंडांची स्प्रिंगसुद्धा आत्तापेक्षा कडक!"

मामा खूश झाले. "वा! गणित बरोबर आहे बाळा. बारीक स्प्रिंग, बारीक दांडा, सगळं हलकं झालं. आता मला सांग, गाडी हलकी झाली का?"

"थोडीशी. फार नाही."

"मग तिचा भार आता कोण घेतंय?"

पोरगा क्षणभर थांबला आणि बॉनेटखाली बोट दाखवून म्हणाला, "तो टॉवर."

"पूर्वी घेत होता?"

"नाही. पूर्वी तो फक्त स्ट्रट धरून ठेवायचा."

"मग तो टॉवर बघितलास का?"

मामा पुढे जे बोलले ते सगळं इथे लिहीत नाही, पण मतलब असा की पाटा तुटला की नवीन पाटा टाकायला सगळे धावतात. पाटा ज्या हँगरला लटकलाय, आणि हँगर ज्या चासीला मारलाय, तिथे बॅटरी मारून बघणारा दहांत एक असतो. "भार कुठे जात नसतो रे. इथून काढलास की तिथे जाऊन बसतो. बसायची जागा आधी बघायची."

फोन ठेवल्यावर आम्ही दोघांनी कागद घेतला. गाडीचं वजन साधारण दीड टन, त्यात इंजिन पुढे, त्यामुळे पुढच्या एकेका चाकावर चारशे किलोंहून जास्त भार. आत्ता तो चाकाकडून आर्मवर, आर्मवरून स्प्रिंगमधून के-मेंबरवर आणि तिथून चासीच्या जाड दांड्यांवर जातो. कॉइलओव्हर लावली की तोच भार स्ट्रटमधून सरळ वर, पत्र्याच्या टॉवरमध्ये. आणि तोही उभ्या गाडीचा. खड्ड्यात आपटली की त्याच्या कितीतरी पट.

यावर पोराने शोधून काढलेला मुद्दा मला फार आवडला. 2005 च्या नव्या मस्टँगमध्ये फोर्डने स्वतःच स्प्रिंग स्ट्रटवर नेली आहे. म्हणजे कल्पना चुकीची नाही. पण त्या वेळी त्यांनी गाडीचा सगळा सांगाडाच नव्याने आखला, टॉवर मुळातच त्या भारासाठी केला. आमच्या गाडीच्या टॉवरला 2003 मध्ये ते काम कोणी सांगितलेलंच नव्हतं. हेही खरं, की आमच्या पिढीच्या मस्टँगवर कितीतरी लोक कॉइलओव्हर लावून वर्षानुवर्षं चालवतात. टॉवर धडधाकट असेल तर चालतंही. प्रश्न आमच्या टॉवरचा होता.

मग आम्ही बघितलं. चाक काढलं, आतलं प्लॅस्टिकचं अस्तर काढलं, तारेच्या ब्रशने सगळं घासलं. डावा टॉवर चकाचक. उजव्या टॉवरच्या खालच्या शिवणीपाशी, जिथे दोन पत्रे एकमेकांवर येतात, तिथे सीलर सुटलेला आणि आत गंज. आधीच्या मालकाने गाडी हिवाळ्यातही चालवली होती, आणि इथे बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. ते मीठ आणि पाणी शिवणीत बसून राहिलेलं. पत्रा आरपार गेला नव्हता. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक दाबून बघितलं, कुठे आत गेलं नाही. एका ओळखीच्या वेल्डरला दाखवलं. तो म्हणाला, वरचा थर आहे, साफ करून प्रायमर आणि सीलर लावा, पुरेल.

टॉवर त्याचं जुनं काम करायला समर्थ होता. त्याला या वयात नवीन काम सांगायचं का, एवढाच प्रश्न उरला. त्या गाडीत कोण बसणार आहे हे मला माहीत होतं, आणि आता त्यालाही माहीत होतं. निर्णय मी सांगितला नाही. दोन दिवसांनी जेवताना तोच म्हणाला, "बाबा, स्प्रिंग होती तिथेच राहू दे." चेहऱ्यावरून दिसत होतं की त्याला ते जड गेलंय. कॉइलओव्हर म्हणजे त्याच्या मित्रांत मिरवायची वस्तू, आणि के-मेंबर तर गाडीखाली वाकून बघितल्याशिवाय दिसत नाही.

म्हणून आम्ही असा के-मेंबर घेतला ज्यात स्प्रिंगचं घर तसंच आहे, पण बिजागऱ्या वर आणि पाऊण इंच पुढे आहेत. वजनात फार फरक नाही. किंमत त्याच्या ड्रॅगवाल्यापेक्षा जास्त. त्याचे पैसे मी तरीही घेतले. अर्धा वाटा त्याचा म्हणजे त्याचाच.

कामाचं थोडक्यात सांगतो. इंजिन टेकलेलं असतं तोच भाग काढायचा, म्हणून आधी इंजिन वरून एका आडव्या बारला टांगलं. आमच्या सौ. गराजमध्ये डोकावल्या आणि "ऑपरेशन थिएटर" म्हणून निघून गेल्या. सगळ्यात धोक्याचं काम स्प्रिंग काढायचं. ती दाबलेली असते, सुटली तर हाड मोडेल. स्प्रिंगमधून साखळी ओवून बांधली, आर्मखाली जॅक लावला आणि एकेक इंच सोडत खाली आणला. त्या वेळी पोराला मी गाडीच्या दुसऱ्या बाजूला उभं केलं होतं, आणि जॅकचा दांडा माझ्याकडे ठेवला. दुसऱ्या बाजूच्या स्प्रिंगच्या वेळी त्याने मला पलीकडे जायला सांगितलं. गेलो. ती पाच मिनिटं फार मोठी होती.

नवीन के-मेंबर बोल्टवर चढला की काम संपत नाही. भोकांमध्ये थोडी ढिल असते, त्यामुळे तो एका बाजूला सरकून किंवा तिरका बसू शकतो. तसा बसला तर गाडी आयुष्यभर एका अंगाला ओढणार. मग ओळंबा केला, दोरी आणि एक नट. गाडीखालच्या ठरलेल्या खुणांवरून ओळंबा सोडायचा, जमिनीवर खडूने फुली मारायची, आणि कर्ण मोजायचे. दोन्ही कर्ण सारखे येईपर्यंत के-मेंबर लाकडी हातोडीने हळूच सरकवायचा. तीन तास गेले त्यात. "ओळंबा" हा शब्द चिरंजीवांना भयंकर आवडला, आता भिंतीवरची चित्रंसुद्धा ओळंब्याने लागतात.

आणखी एक. आर्मच्या बिजागऱ्यांमध्ये रबरी बूश असतात. गाडी जॅकवर असताना, चाकं लोंबकळत असताना ते बोल्ट पूर्ण आवळायचे नाहीत. आवळले तर गाडी खाली उतरल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. आधी गाडी तिच्या चाकांवर उभी करायची, तिचा भार तिला घेऊ द्यायचा, मग शेवटचा पिळा द्यायचा. हे मामांना सांगायला गेलो तर म्हणाले, "ते तुला आज कळलं होय?"

अलाइनमेंटवाल्याकडून आलेल्या कागदावर कॅस्टर जवळजवळ पावणेदोन अंशांनी वाढलेला दिसला. गाडी बदलली का? बदलली. स्टिअरिंग थोडं जड झालंय, पण वळणानंतर आपलं आपण मधे येतं. रँपवर नाक अजून थोडं बाहेर जातं, इंजिन पुढे आहे त्याला कोण काय करणार? मात्र आधी जे एकदम सुटायचं ते आता सांगून-सवरून जातं. आणि वळणातल्या खड्ड्याचा तो हिसका गेला. खड्डा लागतो, आवाज येतो, चाक वर-खाली होतं आणि स्टिअरिंग जागेवर राहतं. पहिल्यांदा ते जाणवलं तेव्हा मी पकड घट्ट करून बसलो होतो. काहीच झालं नाही. मग हात सैल सोडले.

प्रत्येक बोल्ट आवळून झाल्यावर पोराने त्यावर आणि शेजारच्या लोखंडावर मिळून पिवळ्या रंगाची एक रेघ ओढली आहे. बोल्ट जरा जरी फिरला तर रेघ तुटलेली दिसते. पाचशे मैलांनंतर आम्ही सगळे बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा तपासले, सगळ्या रेघा जागच्या जागी होत्या. खरं तर आता रोज बघायची गरज नाही. तरी परवा संध्याकाळी तो किल्ली घेऊन बाहेर पडला, आणि मी खिडकीतून बघितलं तर आधी ड्राइव्हवेवर आडवा पडून, बॅटरी मारून, उजवीकडच्या रेघा बघत होता. मग उठला, गुडघे झटकले, बॉनेट उघडून टॉवरच्या शिवणीवरून एकदा बोट फिरवलं, आणि निघाला.